समुद्र राहिला

दातांच्या डॉक्टरांकडे मी नंबरची वाट बघत बसलो होतो. शेजारी दोन मैत्रिणी बोलत होत्या.

"अगं, तू इथे कशी? तुम्ही समुद्रावर जाणार होतात ना?"

"विमानच रद्द झालं. बॅगांसकट विमानतळावरून परत."

"अरेरे! पोरं हिरमुसली असतील."

"धाकटीनं तर रडून आकाशपाताळ एक केलं. मग हे म्हणाले, घरीच राहायचंय तर आईला परत आणू."

"सासूबाई कुठे होत्या?"

"नणंदेकडे ठेवलं होतं. प्रवास झेपत नाही गं त्यांना. जाताना चकार शब्द बोलल्या नाहीत, मुकाट पिशवी भरली."

"मग?"

"आम्हाला दारात बघून म्हणाल्या, 'माझ्यासाठी जायचं रद्द केलंत?' मी तोंड उघडणार, तोवर हे 'हो' म्हणून मोकळे."

"बाई गं!"

"आठवडाभर सगळे एकाच खोलीत गाद्या टाकून झोपलो. पत्ते कुटले. त्या तर नातवंडांना उघड उघड फसवून जिंकायच्या."

"आणि खरं कळलं म्हणजे?"

"कालच कळलं. धाकटी बोलून गेली विमानाचं."

"अगं बाई! मग?"

"ह्यांना जवळ बोलावलं. मग ह्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, 'पुढच्या वर्षीही लांब कुठेतरी जायचं ठरव हं. म्हणजे रद्द करता येईल.'"