उलट्या अंगाने झिजलेली निब

ओरखडतेय? मी घासलेली निब ओरखडतेय? अगं, या अख्ख्या शहरात माझ्यासारखा निब घासणारा दुसरा नाही — आता दुसरा कुणी घासतच नाही, आणि माझ्या पहिल्या निबांनी कागदाच्या चिंध्या केल्या, ते सोड. त्या साध्या पोलादी होत्या, शिकण्यापुरत्या. नीट शिकल्याशिवाय तुझ्या आईच्या सोन्याच्या निबेला हात लावीन? बस इथे. स्टुलावर नको, त्याला सकाळीच डिंक लावलाय, तुझ्या वहिनीसाठी.

शाळेला मी लवकरच रामराम ठोकला, पण भिंगातलं दिसतं मला! तू म्हणालीस, बाबा, शाई अडखळतेय, तेवढं बघा. बघितलं — आणि डोकंच फिरलं माझं. निबेच्या टोकावर मणी असतो ना, मोहरीहूनही बारीक, तो एका अंगाने झिजलेला. आणि कुठल्या अंगाने? उलट्या! तुझी आई जन्मात तशी लिहीत नव्हती. तूही नाही. मग कोण? सांग ना, कोण? मी सांगतो — जावईबापू! दिलंस ना त्यांना, गॅसवाल्याचा नंबर खरडायला? आईचं पेन! जे ती मला बोटसुद्धा लावू द्यायची नाही, म्हणायची, तुम्ही शाईच्या बाटलीत चहा भराल. एकदाच भरला होता. बरं, दोनदा. पण म्हणून मला सोडून तुला दिलं, आणि तू ते वाटत सुटलीस?

म्हटलं, जिरवतोच जावयाची. सुनेची नखं चमकवायची पट्टी ढापली, तिच्यावर पाण्याचा थेंब टाकला आणि निब टेकवून इंग्रजी आठ काढत बसलो. मान धरली, पण ते झिजलेलं अंग पार पुसून टाकलं. माझ्या हाताला लोण्यासारखी चालते. म्हणजे तुझ्याही चालणार — बापलेकीचा हात, एकच की! उजवा, सरळ. आणि तो सरळ कुणी केला? मी! लहानपणी डाव्या हातात पेन्सिल धरायचीस, तर मी त्या हातावर माझा जुना मोजा चढवून वर रबर लावायचो. घरभर हशा. तू रडायचीस, पण सुटली ना खोड? तुझी आई तेवढी फुगली. पुढे तर तुला घेऊन आतल्या खोलीत अभ्यासाला बसायची, कडी लावून. मला काय, कटकट गेली.

काय म्हणालीस? हो, ठाऊक आहे मला, घासलेला मणी परत उगवत नाही! पण उगवायला बिघडलंय काय? कागद भिकार असेल तुझा. नाहीतर पेन वेडंवाकडं धरत असशील. हा घे कागद. लिही माझ्यासमोर. आईचं नाव लिही. लिही म्हणतो ना! — हं. अगं, तो हात नाही. दुसरा. — दुसरा गं! हा काय चावटपणा? या घरात थट्टा करायचं काम माझं आहे —

“आईला माहीत होतं, बाबा. तुमच्यासमोर मी कधी लिहिलंच नाही.”