सहा ग्रॅमचं सूप

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कंपनीचे संस्थापक, ज्यांना आपण सगळे प्रेमाने मोठे साहेब म्हणतो ते आदरणीय मोठे साहेब. व्यासपीठावर बसलेले उत्पादन विभागाचे व्यवस्थापक. प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई, ज्या एवढ्या वर्षांत माझ्याशी एकदाही भांडल्या नाहीत, आणि भांडायला हवं होतं असं आता आम्हा दोघांनाही वाटतं. माझ्यामागे चाखणीची खोली सांभाळणार आहेत त्या आमच्या ताई. समोर बसलेले मिश्रण, पॅकिंग, गोदाम आणि कार्यालयातले माझे सगळे बंधू-भगिनी. आणि दाराशी कपाळाला आठ्या घालून उभे असलेले आपले कँटीनमामा, या सर्वांना माझा नमस्कार.

आधी मामांचं बोलतो, कारण त्यांचा जीव टांगणीला लागलाय. मघाशी तुम्हा सगळ्यांना कपातून सूप दिलं. ते अळणी झालंय ही कुजबुज इथवर ऐकू आली. पॅकिंगमधल्या एका महाभागाने तर "काकांच्या निरोपाचं दुःख मामांनी फारच मनावर घेतलेलं दिसतंय" असंही म्हटलं. मामांना बोल लावू नका. मी सांगितलं तसंच त्यांनी केलंय. त्याचं काय ते शेवटी सांगतो.

माझ्याआधी बोललेल्या सगळ्यांनी माझं इतकं कौतुक केलं की मी दोनदा मागे वळून पाहिलं, दुसरं कुणी बसलंय की काय. व्यवस्थापक साहेब म्हणाले, एकतीस वर्षं हा माणूस खाल्ल्या मिठाला जागला. तेव्हा मी मान खाली घातली. तुम्हाला वाटलं असेल, विनय आहे. तो विनय नव्हता.

आमच्या खोलीत नेमकं काय चालतं हे कार्यालयातल्या बऱ्याच जणांना ठाऊक नाही. त्यांचा समज असा, की काका दिवसभर फुकटचं सूप पितात. तर सूपच्या पावडरीचा नवा घाणा तयार झाला की त्यातली थोडी पावडर गरम पाण्यात कालवून आमच्यासमोर येते. शेजारी दुसरा कप असतो, तो कपाटातल्या मान्य डब्यातला. आधी पास झालेल्या घाण्याचा हा डबा. दोन्ही चाखायचे, मध्ये पाण्याने चूळ भरायची. दोन्ही सारखे लागले तर मी सही करतो. सहीशिवाय एकही पाकीट दाराबाहेर पडत नाही. मग या नव्या घाण्यातला डबा कपाटात जातो आणि जुना काढून टाकतात, कारण पावडरीचे खडे होतात. एकतीस वर्षं हे असंच चाललंय. यात चूक कुठे आहे ते तुम्हाला दिसतंय का? मलाही दिसली नव्हती.

या जिभेसाठी मी पथ्यंही पाळली. सकाळी अकरापर्यंत चहा नाही, कच्चा कांदा नाही, तंबाखू तर नाहीच. नातेवाईकांकडे जेवायला गेलो की यजमानीणबाईंना घाम फुटायचा. घरी मात्र उलटं. आमची ही म्हणायची, "जगाला चव सांगता, आणि माझ्या भाजीला काय, तर 'बरी आहे'." मी म्हणायचो, "अगं, बरी म्हणजे पास." त्यावर ती म्हणायची, "मग सही करा ताटावर."

दर शनिवारी आपल्याकडे तिरप्या छपाईची, चुरगळलेली पाकिटं कामगारांना घरी न्यायला मिळतात. माझीही पिशवी असायची. ती पिशवी आली की हिला केवढा आनंद! रोज संध्याकाळी आम्ही दोघं कपभर सूप घ्यायचो. एवढंच नाही, भाजीत चमचाभर पावडर, उकडलेल्या बटाट्यावर चमचाभर पावडर. शेजारणींना ती अभिमानाने सांगायची, "आमच्या ह्यांच्या हातचं आहे." हात माझा कसला, फक्त जीभ.

पाच वर्षांपूर्वी हिचा रक्तदाब वाढला. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "बाहेरचं, पाकिटातलं काही खाता का?" आम्ही दोघांनी एकदमच माना हलवल्या. "छे हो, सगळं घरचंच."

मी खोटं बोललो नाही हो. हे सूप बाहेरचं आहे असं आमच्या मनातच आलं नाही. बाहेरचं म्हणजे दुकानातलं, परक्याचं. हे तर माझ्या सहीचं. डॉक्टर गोळ्या बदलत राहिले. एक गोळी झाली, दोन झाल्या, मग तीन. प्रत्येक वेळी तोच प्रश्न आणि आमचं तेच उत्तर. दीड वर्ष असं गेलं. त्या दीड वर्षात तिची मूत्रपिंडं दमत चालली होती आणि मी दर शनिवारी पिशवी घेऊन घरी जात होतो.

शेवटी इस्पितळातल्या आहाराच्या बाईंनी हिला एक वही दिली आणि आठवडाभर तोंडात जाईल तो प्रत्येक घास लिहून आणायला सांगितलं. हिचं अक्षर मोठं सुबक. बाई वाचत गेल्या आणि एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं. रोज संध्याकाळी, सूप. "कुठलं सूप?" ही म्हणाली, "यांचं." मग बाईंनी पाकीट मागवलं, उलटं केलं आणि माझ्या हातात दिलं. मागच्या बाजूला मुंगीच्या पायाएवढी अक्षरं होती. मी खिशातून चष्मा काढला. मीठ. चव वाढवणारी पावडर, जिला आपण नुसत्या नंबरानं हाक मारतो. टिकाऊपणाची पावडर. रंग. ते सगळं मला पाठच होतं, पण आपल्या बायकोच्या पोटात काय जातंय म्हणून ते मी कधी वाचलं नव्हतं.

त्या दिवसापासून हिचं मीठ बंद झालं. मी म्हटलं, दोन भांडी कशाला, मीही तेच खातो. पहिले पंधरा दिवस वर्तमानपत्र चघळल्यासारखं वाटलं. ही तर ताटावरून उठून जायची. मी समजूत काढायचो, ती म्हणायची, "तुम्हाला काय होतंय, तुम्ही कामावर जाऊन चाखून येता." म्हणून मी जेवढं चाखायचो तेवढं थुंकायला लागलो. सहा-सात आठवडे झाले असतील. ती गाजर खात होती. एकाएकी थांबली आणि म्हणाली, "अहो, हे गोड आहे." मी खाऊन पाहिलं. खरंच गोड होतं. मग आम्ही काकडी कापली, टोमॅटो कापला, नुसता भात खाऊन पाहिला. पन्नाशी उलटलेली दोन माणसं स्वयंपाकघरात उभी राहून भाज्या चाखतायत आणि हसतायत. हिला मी त्यानंतर इतकं हसताना पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी कामावर आलो, नव्या घाण्याचा कप तोंडाला लावला आणि माझं तोंड भाजल्यासारखं झालं. खारट! मी घाणा नापास केला. मान्य डबा चाखला, तोही तसाच खारट. त्या महिन्यात मी तीन घाणे अडवले. ताईंनी चाखले, त्या म्हणाल्या, "काका, नेहमीसारखंच तर आहे." प्रयोगशाळेनेही तेच सांगितलं. मग सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. घरात आजारपण, माणूस खचलाय, जीभ गेली. व्यवस्थापक साहेबांनी मला कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडेही पाठवलं, ते आपुलकीनंच. डॉक्टर म्हणाले, जीभ उत्तम आहे. पण ते कुणाला पटलं नाही, आणि मी अडवलेले घाणे ताईंच्या सहीनं बाहेर पडायला लागले.

आज मी दोन वर्षं आधी निवृत्त होतोय त्याचं कारण तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे आणि माझ्यासमोर कुणी बोलत नाही. म्हणून मीच बोलतो. काकांची चव गेली. मित्रांनो, ती गेली नाही. फार उशिरा आली.

प्रयोगशाळेच्या बाईंना मी म्हटलं, जुन्या नोंदी दाखवा. त्यांनी सगळे रजिस्टर काढून टेबलावर मांडले. मोठ्या साहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिलेला पहिला कागदही त्यांनी जपून ठेवलाय. त्यावर शंभर ग्रॅम पावडरीत मीठ होतं सहा ग्रॅम. आज ते अकरा आहे. कुणी वाढवलं? कुणीच सांगितलं नव्हतं, ना साहेबांनी, ना विक्रीवाल्यांनी. रोज खारट चाखून जीभ बोथट होते. तिला फिकं लागलं की मी लिहायचो, 'किंचित वाढवा'. वाढवलेला घाणा पास व्हायचा, त्याचाच डबा कपाटात जायचा आणि पुढच्या वेळी तोच खरा ठरायचा. प्रत्येक वाढीपुढे एक सही आहे. सगळ्या सह्या माझ्या आहेत.

बाई म्हणाल्या, "आकडा चढताना मला दिसत होता. वाटायचं, जीभ तुमची, तुम्हाला कळत असेल." मी म्हटलं, "मला वाटायचं, आकडे तुमच्याकडे, तुम्हाला कळत असेल."

पुढे मूत्रपिंडं अगदीच थकली, तेव्हा हिला रक्त शुद्ध करायला आठवड्यातून तीनदा न्यावं लागायचं. चार तास त्या खुर्चीत बसायचं. शेजारच्या खुर्चीत एक आजी असायच्या. एकदा बोलता बोलता हिनं सवयीनं सांगितलं, माझे हे त्या सूपच्या कारखान्यात आहेत. आजी म्हणाल्या, "अगंबाई! आमच्याकडे रोज तेच. नातवाला त्याच्याशिवाय घास उतरत नाही." हिनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं.

परतताना गाडीत ती म्हणाली, "तुम्ही सांगा बरं का त्यांना."

"कुणाला?"

"तुमच्या लोकांना. कपाटात पुढचा डबा ठेवायच्या आधी."

मी हो म्हटलं. पण तिच्या हयातीत माझ्याच्यानं ते झालं नाही. घाणे अडवत राहिलो, कारण सांगायला तोंड उघडलं नाही. तिला जाऊन चार महिने झाले. डॉक्टर म्हणाले, एकाच गोष्टीवर बोट ठेवता येणार नाही, रक्तदाब त्यांच्या घराण्यातच होता. मी ते मान्य करतो. पण पिशवी माझ्या हातानं घरात आली होती, हेही खरं आहे. मला तिची फार आठवण येते. संध्याकाळी पाणी उकळायला ठेवतो आणि पुढे काय करायचं ते सुचत नाही.

माफ करा. थोडं पाणी घेतो.

मोठे साहेब, तुमच्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. तुम्ही घरच्या शेगडीवर हे सूप पहिल्यांदा केलंत आणि मला सांगितलंत, दमून घरी आलेल्या माणसाला पाच मिनिटांत पोटाला काहीतरी गरम मिळालं पाहिजे. तेवढ्यासाठीच मी इथे नोकरी धरली. आता मामांनी मघाशी दिलेल्या कपांचं सांगतो. तुमच्या पहिल्या कागदावरून, बाईंच्या देखत तोलून, गेल्या आठवड्यात मी एक छोटा घाणा केला. सहा ग्रॅमचा. मघाशी तुम्ही सगळे प्यायलात ते तेच सूप. मी इथून बघत होतो. मीठदाणी पहिल्या रांगेतून निघाली ती शेवटच्या रांगेपर्यंत गेली. आणि साहेब, राग मानू नका, तुम्ही मीठ दोनदा घातलंत. ते तुमचंच सूप होतं.

ताई, इकडे या. माझ्याकडे द्यायला दुसरं काही नाही. हा त्या घाण्याचा डबा. सोमवारी कपाटात हा ठेवा. खडे झाले तर त्याच कागदावरून नवा करा, पण शेवटच्या घाण्याचा डबा तिथे पुन्हा ठेवू नका. आणि दोन महिने घरी मीठ कमी करून बघा. मग गाजर खा. मग सही करा. मोठे साहेब, ताईंना तेवढी मुभा तुम्ही द्यावी, एवढं एकच मागणं आहे. आजींचा नातू अजून लहान आहे, त्याची जीभ वळवता येईल.

आपण सगळ्यांनी एवढं प्रेम दिलंत, हे घड्याळ दिलंत, हिच्या आजारपणात पॅकिंगच्या बायकांनी आळीपाळीनं घरी येऊन सोबत केली, त्याचं ऋण मोठं आहे. आयोजकांचे, मामांचे आणि माझं रडगाणं शांतपणे ऐकून घेतल्याबद्दल तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाला टोचलं असेल तर वडीलधारा समजून पोटात घाला.

आणि एक क्षमा वेगळी मागायची आहे. आजचं सूप तुम्हाला अळणी लागलं. सूपमध्ये काही कमी नव्हतं. तुमच्या जिभा मी अशा करून ठेवल्यात. त्याबद्दल मला क्षमा करा.