कतारचं तेल आणि गणू मेस्त्री

मी रुकय्या, जन्म रत्नागिरीकडच्या खाडीकाठचा, बाप मचव्यावर, आई जाळी विणायची, माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं लिहायवाचायचं माझं मीच शिकले, भावाची पत्रं दुसऱ्याकडून वाचून घ्यायची लाज वाटायची म्हणून. लग्न झालं आणि ह्यांच्या मागोमाग कतारला आले, मेसईदला, कंपनीच्या क्वार्टरात. हे कंपनीच्या वर्कशॉपात फोरमन, मोटारी आणि मोठ्या जीपगाड्या ह्यांच्याकडे, आणि मी शाळेच्या बसवर, पोरांना चढवायचं, दोह्याला उतरवायचं, परत आणायचं. इतकी वर्षं तोच रस्ता, ह्या बाजूला वाळू, त्या बाजूला वाळू, बघायचं तरी काय.

पण मला सांगायचं आहे ते तेलाचं. हसू नका. बाईमाणसाला इंजिनाच्या तेलाचं काय पडलंय असं तुमाला वाटेल, पण त्या तेलाने माझी झोप नेली आहे.

माझा धाकटा भाऊ दाऊद, तो मोटारसायकलवर मासळी न्यायचा, मागे दोन पेट्या बांधायच्या आणि बंदरावरून चढण चढून वरच्या बाजाराला. गाडी बघायचा गणू मेस्त्री. गणू आमच्या शेजारचा, दाऊदच्या वयाचा, लहानपणी निम्मं जेवण आमच्याच पडवीत जेवलेला. रस्त्याच्या कडेला पत्र्याची शेड, तेच त्याचं गॅरेज, आणि हात असा की गाडी लांबून येताना आवाजावरून सांगायचा काय दुखतंय.

अठ्ठ्याण्णवच्या सुट्टीत आमी गावी निघालो. तुमाला माहीत आहे आमचं, सुट्टीवर जायचं म्हणजे महिनाभर सामान बांधायचं, ह्याला साबण, त्याला बाम, तिला कापड. हे म्हणाले, दाऊदला काय नेऊ या, तर तेल नेऊ. वर्कशॉपातल्या सगळ्यात महागाच्या गाड्यांत घालतात ते तेल, नवीन निघालेलं, पातळ, मधासारखं. दोन डबे, टॉवेलात गुंडाळले, वर पिशव्या बांधल्या. त्या काळी सामानात कोण एवढं बघत नव्हतं.

दाऊद हरखला. लगेच गणूकडे गेला. गणूने डबा फिरवून फिरवून बघितला, बोटावर थेंब घेतला, आणि म्हणाला, हे मोटारीचं आहे, ह्या गाडीला नको. आमी सगळे तिथेच. हे म्हणाले, का रे बाबा, याच्याहून चांगलं तेल तुझ्या तालुक्यात मिळतं काय. तर गणू म्हणाला, चांगलंच आहे हो, पण मोटारीचा क्लच कोरडा, वेगळा असतो, आणि हिचा क्लच इंजिनाच्या तेलातच बुडलेला असतो. तेल फार गुळगुळीत झालं की क्लचच्या प्लेटा एकमेकींना धरणार नायत, घसरतील. हिला हिचंच तेल घाला.

आणि मी काय बोलले माहीत आहे. मी म्हटलं, गणू, तू रत्नागिरीच्या पुढे कधी गेलास रे? सगळे हसले. गणूही हसला. मग त्याने जुनं तेल काढलं आणि आमचं भरलं.

आमी परत आलो. दोन महिने झाले नायत तर फोनवर दाऊदचं रडगाणं, आपा, गाडी चढणीला ओढत नाय, इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी जागची हलत नाय, जळका वास येतो, बाजाराला पोचेस्तोवर गिऱ्हाईक गेलेलं असतं. मी विचारलं, गणू काय म्हणतो. म्हणतो तेल बदल. ह्यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाले, तेलाला काय धाड भरलीय, त्याने मागे प्लेटा बदलल्या तेव्हा नीट बसवल्या नसतील. झालं. दाऊद बंदरावर सांगत सुटला, गणूने माझ्या गाडीची वाट लावली. दुसरीकडे नव्या प्लेटा टाकल्या, आणि तेल कुठलं घातलं, तर आमच्या दुसऱ्या डब्यातलं. त्याही गेल्या. बोल गणूलाच.

मग वर्षभराने ह्यांच्या वर्कशॉपात गेटवरच्या सिक्युरिटीच्या दोन मोटारसायकली आल्या. हे तेच तेल ओतायला गेले तर एक फिलिपिनो मेकॅनिक होता, त्याने हात धरला, नो सार, कार ऑइल, क्लच स्लिप. आणि मोटारसायकलच्या तेलाच्या डब्यामागचं बारीक अक्षर दाखवलं, एमए लिहिलेलं, ते बघून घ्यायचं म्हणे ओल्या क्लचच्या गाडीला. दुपारी जेवताना ह्यांनी मला सांगितलं, मान खाली घालून. मी म्हटलं, मग दाऊदला फोन करू या. हे म्हणाले, खलास, आता जाऊ दे, तो म्हणेल एवढी वर्षं तिथे काय शिकलात.

आणि मी जाऊ दिलं. ह्यांना बोल लावून काय करू, फोन तर माझ्या हातात होता. दर शुक्रवारी कार्ड घालून बोलायचे, पाऊस किती, मासळी कशी, सगळं विचारायचे, तेवढं सांगायचं राहायचं. राहायचं कसलं, मीच ठेवायचे. एका शुक्रवारी दाऊदच म्हणाला, गणूने शेड मोडली, कोण गाडी टाकत नाय त्याच्याकडे, काजूच्या कारखान्यात वॉचमन लागला. मी म्हटलं, अरेरे.

हे गेले दोन हजार सहाला. त्यानंतरच्या सुट्टीत मी थेट गणूच्या दारात गेले. म्हटलं, गणू, तेल आमचं चुकलं होतं, तुझा हात नाय. तो म्हणाला, ते मला त्याच दिवशी ठाऊक होतं, रुकय्याबाय. पाणी दिलं, बस म्हणाला. मग विचारलं, दाऊदला सांगितलंस? मी म्हटलं, नाय, आधी तुझ्याकडे आले. तर म्हणाला, मला ठाऊक असलेलंच मला सांगून काय होणार गो? ज्याला ठाऊक नाय त्याला सांग.

गेले मग बंदरावर, चार माणसांत सांगितलं, दाऊदच्या तोंडावर.  माझी सुट्टी संपेपर्यंत दाऊदने माझ्याशी बोलणं टाकलं. पण गणूकडे जाऊन आला, आणि गणूने त्याला चहा पाजला. दोघं आता बोलतात. गणू पान्याला मात्र हात लावत नाय, किती जणांनी सांगून बघितलं.

आता मी मुलाकडे दोह्याला. नातवंडांशी मराठीत बोलते, ती इंग्रजीत उत्तर देतात, चाललंय. आमच्या गावात मेस्त्री राहिला नाय. गाडी बिघडली की दाऊद तिला टेम्पोत घालून तालुक्याला नेतो, अख्खा दिवस मोडतो, आणि शुक्रवारी माझ्याकडे कुरकुर करतो. मी ऐकून घेते. मी काय बोलणार. अल्ला गणूला सलामत ठेवो, त्याच्या पोराबाळांना बरकत देवो, एवढं नमाजात मागते, माझ्यासाठी मागायला तोंड होत नाय.