लोरेटाच्या शेकोटीतला गोळा

अमेरिकेतल्या यादवी युद्धाची जुनी रणभूमी असलेल्या गेटिसबर्गला तिकिटाच्या रांगेत माझ्यापुढे टोपीवाले एक आजोबा होते आणि त्यांच्यापुढे लाल स्वेटर घातलेल्या एक बाई.

“एकटेच फिरताय?” बाईंनी मागे वळून आजोबांना विचारलं.

“एकटाच. बायको गेली, आता अडवणार कोण? जिथं जिथं लढाई झाली, तिथं तिथं गाडी थांबवतो.”

“आठवण म्हणून काही घेतलंत?”

“तोफेचा गोळा! फ्रेडरिक्सबर्गजवळ एका शेतकऱ्यानं दिला. नांगरताना सापडला म्हणे. दिसायला मोठा, पण उचलला तर हलका.”

“हलका? त्याला भोक होतं?”

“होतं, मातीनं बुजलेलं. का हो?”

“अहो, म्हणजे तो पोकळ आहे! आत भरलेली स्फोटाची दारू अजून पेटते. माझ्या काकांचा हात असाच गेला. गाडीत आहे का तो?”

“नाही… बहिणीला दिला. कालच. तिनं घरातल्या शेकोटीत ठेवलाय, लाकडांना टेकू म्हणून.”

“देवा! फोन लावा तिला. आत्ता!”

आजोबांनी खिशातून फोन काढून बाईंच्या हातात दिला. बाईंनीच फोन लावून दिला आणि आवाज मोठा केला.

“लोरेटा? शेकोटी पेटवलीस?”

“पेटलेली काडी हातातच आहे. थंडी काय पडलीय इथं! का रे?”

“विझव ती! काही विचारू नकोस. आहेस तशी घराबाहेर पड.”

“व्हर्लिन, तू रडतोयस?”

“बाहेर आलीस का, ते सांग आधी!”

“आले बाबा, रस्त्यावर आले. पायात बूटसुद्धा नाहीत माझ्या.”

“नसू देत. तिथंच उभी राहा. मी पोलिसांना पाठवतो.”