ताईने पारखलेली सुरी

दवाखान्यात माझ्या शेजारी अंगठ्याला फडकं बांधलेला एक गृहस्थ आणि त्याची थोरली बहीण बसली होती. त्याने स्वतः घडवलेली सुरी ती निरखत होती.

“ताई, खरं सांग. कशी झालीय?”

“मूठ केवढी जाड! सुरी आहे की हातोडा?”

“हातोडाच म्हण. निदान खिळे तरी ठोकता येतील.”

“पातंही वाकडं आलंय.”

“आयुष्यभर नाकासमोर चाललो, त्याचा सूड असेल.”

“सकाळी टोमॅटो कापून बघितला, तर नुसता चेंगरला. तुझा अंगठा मात्र बरा कापला हिने!”

“कुठलं माझं नशीब! तो डब्याच्या पत्र्याने कापला.”

“हसू नकोस. नोकरी सोडून सुऱ्या करायचं खूळ डोक्यातून काढ.”

“राजीनामा कालच दिला, ताई.”

तिने सुरी मांडीवर ठेवली. मग तिने आपला पंजा त्याच्यापुढे पसरला.

“घे माप. पुढची मूठ या हातात नीट बसली पाहिजे.”