गालिच्याखालचा गाळ

शहापूरच्या थांब्यावर भंडाऱ्याच्या बसची प्रतीक्षा करीत बसलेल्या वामनशास्त्र्यांची जपमाळ अकस्मात स्थिरावली. पाठीमागच्या बाकावर, मासोळीची रिकामी टोपली पायाशी ठेवून, एक दाम्पत्य बोलत होते. नवरा, लिलाधर, नागपुरात विकाऊ असलेली, जपानहून आणलेली एक जुनी स्पोर्ट्स कार पाहून आला होता.

“चेसिसचा नंबर कागदाशी जुळला. कस्टमचे कागदबी हायेत. अन् चाबी फिरवल्याबरोबर सुरू झाली, जिजा!”

“इंजिन थंडं होतं?”

“नाही, गरमच होतं.”

“मंग तुमी जायच्या आधीच गाडीवाल्यानं सुरू करून ठेवली. इंजिन थंडं असताना धूर फेकते का, थे कसं समजन?”

“तू त वकीलच झाली व!”

“आतमंदी वास कायचा येत होता?”

“मस्त! चंदनाच्या उदबत्तीचा.”

“अजी, ताज्या मासोळीच्या टोपल्यापाशी मी कधी उदबत्ती लावली का?”

लिलाधरने वाकून पायाशी असलेली टोपली हुंगली.

“पुरात बुडाली असंन म्हनतं?”

“मले काय मालूम? खालचा गालिचा उचलून पाहा लागते. नदीचा गाळ माझ्या नाकाले लपत नाही.”

“कामाले होतो तवा सायबाची अशीच गाडी मी रोज पुसत होतो व. चालवाले कधी भेटली नाही.”

“मालूम हाये. म्हनूनच मीबी संग येईन.”

भंडाऱ्याची बस आली आणि निघूनही गेली; शास्त्रीबुवा आसनावरच होते. मागे लिलाधर फोनवर गाडीवाल्याला सांगत होता, “भाऊ, उद्या सकाळी येतो. गाडी थंडीच ठेवजा. उदबत्ती नोका लावजा.”

मग हलकेच म्हणाला, “गाळ निंगाला त, जिजा?”

“त मी हासनार नाही. अन् गावात कोनाले सांगनारबी नाही.”