फुकटातले वीस प्रश्न

मुख्याध्यापिका: …तेहतीस मुलांना वीसपैकी वीस! आणि तुम्ही अशा तोंड पाडून उभ्या. दुसरी कोणी असती तर नाचली असती.

वर्गशिक्षिका: नाचेन की. आधी या यादीतलं नाव खोडा, मॅडम.

मुख्याध्यापिका: एकच तर नाव आहे. तुमच्या वर्गातली चौतिसावी. वीसपैकी तीन! सोमवारपासून ती शेवटच्या खोलीत, कच्च्या मुलांबरोबर. नियम म्हणजे नियम.

वर्गशिक्षिका: अख्ख्या तिसरीत ती एकटीच प्रश्न वाचते हो.

मुख्याध्यापिका: आणि बाकीचे?

वर्गशिक्षिका: बाकीच्यांना कशाला हवेत प्रश्न? थांबा, संगणक लावते. मी खिडकीकडे तोंड करते. मी सांगेन ते आकडे फक्त टाका.

(वर्गशिक्षिका पाठ फिरवते.)

संगणक: नमस्कार, छोट्या गणितवीरा! प्रश्न पहिला!

वर्गशिक्षिका: सात.

संगणक: शाब्बास! प्रश्न दुसरा!

वर्गशिक्षिका: एकोणीस.

संगणक: वा रे पठ्ठ्या! प्रश्न तिसरा!

वर्गशिक्षिका: चोवीस. मग चार, परत चार, मग छत्तीस. पुढचं चालीवर म्हणू? मुलं चालीवर म्हणतात. छान ठेका धरतात.

मुख्याध्यापिका: म्हणजे… प्रश्न बदलतच नाहीत?

वर्गशिक्षिका: फुकटात वीसच. एकविसाव्याला कुलूप.

मुख्याध्यापिका: ही साइट निवडली कोणी?

वर्गशिक्षिका: मीच. तुम्ही चाळीस पत्ते पाठवलेत, ‘प्राथमिक गणितासाठी मोफत साधनं’, आणि म्हणालात, शनिवारपर्यंत एक ठरवा. सात उघडल्याच नाहीत. नऊंमध्ये बेरजा कमी आणि बुटांच्या जाहिराती जास्त. एकीत तर आठ साते चोपन्न! हिच्यात निदान उत्तरं बरोबर होती.

मुख्याध्यापिका: आणि वीस प्रश्नांचं हे कधी कळलं तुम्हाला?

वर्गशिक्षिका: झाले तीन आठवडे.

मुख्याध्यापिका: तीन आठवडे! आणि मूग गिळून बसलात?

वर्गशिक्षिका: तुम्ही सगळ्यांसमोर माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्यात ना. सोळा वर्षांत पहिल्यांदा. बरं वाटलं. म्हटलं, आणखी एक आठवडा वाजू देत. मग काल वर्गाच्या मॉनिटरला विचारलं, बारा चेंडू तिघांत वाटले तर प्रत्येकाला किती? तर म्हणतो, “बाई, कितवा प्रश्न आहे?”

मुख्याध्यापिका: अहो, अहवाल वर गेलाय! वरून अभिनंदनाचं पत्रसुद्धा आलंय. आता काय कळवू त्यांना?

वर्गशिक्षिका: कळवा, मुलांचं पाठांतर उत्तम आहे.

मुख्याध्यापिका: पुरे झाली थट्टा. त्या मुलीला तरी येतं का काही? बोलवा तिला.

मुलगी: आत येऊ, मोठ्या बाई?

मुख्याध्यापिका: ये. छप्पन्न पेन्सिली आहेत. आठ डब्यांत सारख्या भरायच्या. एका डब्यात किती?

मुलगी: कागद मिळेल?

मुख्याध्यापिका: हा घे. एवढे मोठे डबे काढायची काय गरज?

मुलगी: मावायला नकोत का?

संगणक: अरेरे, वेळ संपली!

मुलगी: हा नेहमी असंच करतो. माझे दोनच डबे काढून झालेले असतात.

वर्गशिक्षिका: तू त्याच्याकडे लक्ष देऊ नकोस. भर सावकाश.

संगणक: आणखी मजा हवीय? आई-बाबांना त्यांचं कार्ड घेऊन बोलाव!

मुख्याध्यापिका: अहो, याचं तोंड बंद करा आधी!

वर्गशिक्षिका: केलं.

मुख्याध्यापिका: …अजून किती वेळ गं?

मुलगी: झालंच. एक इकडे… एक इकडे… सात. सगळ्यांत सात-सात. एकही उरली नाही.

मुख्याध्यापिका: हं. बाई, यादीचे कोरे कागद आहेत का तुमच्याकडे?

वर्गशिक्षिका: कशाला?

मुख्याध्यापिका: तेहतीस नावं एका पानावर कशी मावतील? आणि वर मीच कळवते. बोलणी खायची ती दोघी मिळून खाऊ, अर्धी-अर्धी.

वर्गशिक्षिका: माझ्या वाट्याला जास्त घाला, मॅडम.

मुख्याध्यापिका: घालणारच आहे. ए, जाता जाता अजून एक सांग. वर्गात चौतीस मुलं. त्यातली तेहतीस शेवटच्या खोलीत गेली. वर्गात किती राहिली?

मुलगी: कागद नको याला. एक.

मुख्याध्यापिका: बरोबर. जा आता.

मुलगी: मोठ्या बाई… त्या एकालापण जाऊ द्या ना त्यांच्याबरोबर.